बारा वर्षं उभी असलेली चेतक: आधी किकवरून पाय काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची १९९६ ची बजाज चेतक, टू-स्ट्रोक, नागपुरात मानेवाड्याच्या घरी जिन्याखाली २०१३ पासून उभी आहे. टाकीत तेव्हाचंच पेट्रोल आहे. किक अर्धी जाते आणि अडते. एक मिस्त्री म्हणतो ब्लॉक बोअर करून (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून) नवा पिस्टन टाका. शेजारचे काका म्हणतात ताजं पेट्रोल घाला, प्लग बदला, उतारावरून ढकला, पकडेल. ऐकायचं कोणाचं?

सध्या दोघांचंही नको. ब्लॉक न पाहता बोअरिंग सांगणं म्हणजे नाडी न पाहता ऑपरेशन सांगणं. काकांचा उपाय त्याहून वाईट, कारण तो बहुतेक वेळा यशस्वी होतो. चेतकचं १४५ सीसीचं इंजिन साधं आहे. ठिणगी, पेट्रोल आणि थोडंफार कॉम्प्रेशन मिळालं की ते पकडतंच. नुकसान होतं ते त्यानंतरच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये, वर्धा रोडला लागून गाडी मोकळी सोडल्यावर. म्हणून चालू कशी करायची यापेक्षा चालू झाल्यावर पिस्टन जाम होऊ नये यासाठी आधी काय पाहायचं, हा खरा प्रश्न आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँक फिरतो ती बंद खोली पंपाचंही काम करते. पिस्टन वर जाताना ती हवा-पेट्रोल ओढते, खाली येताना वर ढकलते. तिथली हवा कोंडून ठेवायला क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात, एक मॅग्नेटच्या, म्हणजे पंख्याच्या चकतीच्या बाजूला, दुसरं क्लचच्या बाजूला. फोर-स्ट्रोकचं सील कडक झालं तर खाली फरशीवर तेल दिसतं आणि आपण सावध होतो. टू-स्ट्रोकचं मॅग्नेट बाजूचं सील कडक झालं तर बाहेर काहीच दिसत नाही. ते बाहेरची हवा आत घेतं आणि मिश्रण पातळ होतं. आता इथे वंगणसुद्धा पेट्रोलमधूनच येतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडलं. एकीकडे उष्णता वाढते, दुसरीकडे वंगण घटतं, आणि पिस्टन धरतो.

आपल्या नागपुरात हे जास्त होतं. कोकणात उभी गाडी गंजाने जाते, इथली उन्हाने जाते. दर वर्षी मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपासची कोरडी उष्णता खाल्लेलं रबर पिळलं तर तडकतं. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि खाली मधासारखा चिकट थर उरतो. उलट सिलिंडरची भिंत बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा चांगली निघते. म्हणून इथल्या गाडीत लोखंडापेक्षा रबराचा संशय आधी घ्यावा.

याला मोठा अपवाद पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा भागांत घराघरात पाणी शिरलं. तुमचं घर तिथून दूर आहे, पण जिन्याखाली पावसाचं पाणी साचतं का ते घरच्यांना विचारा आणि भिंतीवर, चाकांवर पाण्याची रेघ आहे का ते पाहा. रेघ किकच्या दांड्याच्या वर गेली असेल तर पुढचं सगळं सोडा. इंजिन उतरवून पूर्ण खोला, कारण बेअरिंगमध्ये पाणी राहून गेलं तर त्यावर पडलेले खड्डे तेलाने भरून येत नाहीत.

पाणी लागलेलं नाही असं धरून पुढे जाऊ. गाडी न्यूट्रलला घ्या, पेट्रोल कॉक बंद करा, उजव्या बाजूचं कव्हर काढा. प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. मग पंख्याचं कव्हर आणि सिलिंडरवरचा पत्रा काढा. जिन्याखालच्या गाडीत इथे हमखास उंदराचं घरटं निघतं. कापूस, सुतळी, कागदाचे तुकडे फिन्समध्ये (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) गच्च बसलेले असतात. कधी कधी किक अडते ती केवळ पंख्याच्या पात्यांत अडकलेल्या चिंधीमुळे. आणि हे न काढता गाडी चालवली तर हवा फिन्सपर्यंत पोचतच नाही.

आता पंख्याची चकती दोन्ही हातांनी धरून हळूच मागेपुढे फिरवा. पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून तरफ लावू नका, पातं तुटलं की मॅग्नेटचा तोल जातो. चकती मोकळी फिरली आणि तरीही किक अडते, तर दोष किकच्या दात्यांत किंवा स्प्रिंगमध्ये आहे, पिस्टनमध्ये नाही. चकती थोडी फिरून अडली तर सिलिंडरच्या एका पट्ट्यात गंज किंवा वार्निश (वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर) आहे. अजिबात हललीच नाही तर पिस्टन चिकटला आहे. किकचा पहिला थोडा भाग दाते धरेपर्यंत तसाही मोकळाच असतो, त्यामुळे ‘अर्धी जाते’ यावरून काही ठरवता येणार नाही. चकतीच खरं सांगेल.

अडत असेल तर प्लगच्या भोकातून टू-टी ऑईल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून वीस ते तीस मिली सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. सकाळ-संध्याकाळ चकती हलक्या हाताने मागेपुढे करा. जितकी हलते तितकीच, जोर लावून नाही. टू-स्ट्रोकच्या भिंतीला खिडक्या असतात. चिकटलेली रिंग जबरदस्तीने फिरवली तर तिचं टोक खिडकीत अडकून तुटू शकतं, मग मात्र मिस्त्रीचं बोअरिंगच खरं ठरतं. किकवर उभं राहून झटके दिले तर किकचे दाते जातात, ते वेगळंच. आणि हो, अर्धा पाव तेल ओतायचा मोह आवरा. चेतकच्या क्रँकच्या खोलीला खाली निचऱ्याचा बोल्ट नाही. खालचा बोल्ट गियर ऑईलचा असतो. जास्तीचं तेल आतच बसतं आणि पुढे तासभर मोहल्ला धुरात राहतो.

मोकळं झालं की सायलेन्सर काढा. मला या सगळ्यातलं सर्वात उपयोगी काम हेच वाटतं, आणि बहुतेक लोक तेच टाळतात. सायलेन्सर काढल्यावर एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन थेट दिसतो. टॉर्च लावा, चकती सावकाश फिरवा आणि तीन गोष्टी पाहा. पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा आहेत का? रिंग खिडकीसमोर आली की बांबूच्या काडीने तिला दाबा. आत जाऊन परत बाहेर आली तर मोकळी आहे, दगडासारखी बसली तर कार्बनमध्ये गच्च झाली आहे. (काडीच घ्या, लोखंडी सळई नको.) तिसरी गोष्ट, पिस्टन खाली गेल्यावर समोरच्या भिंतीवर तांबूस डाग आहेत की खोल गंज. डाग तेलाच्या चिंधीने पुसून गेला तर काही नाही. नखाला खड्डा लागतो असं वाटलं तर हेड काढून नीट पाहावं लागेल. हेड चार नटांवर बसतं, नट सैल करताना आणि आवळताना फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे.

बोअरिंगचा निर्णय इथे होतो. ब्लॉक उतरवून जुनी रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्या रिंगची फट साधारण ०.२ ते ०.३५ मिमी असते. जुनीची एक मिमीच्या पुढे गेली असेल तर रिंग बदलायचीच. पण त्याच सिलिंडरमध्ये नवी रिंग ठेवूनही फट अर्ध्या मिमीच्या बरीच पुढे जात असेल, किंवा नखाला लागणारी उभी रेघ असेल, तेव्हाच बोअरिंग आणि ओव्हरसाइझ पिस्टन. नाहीतर फक्त नव्या रिंगा आणि भिंतीला हलकं होनिंग (बारीक दगडाने घासणं) पुरतं. पिस्टनच्या खाचेतला कार्बन जुन्या रिंगचा तुकडा मोडून त्याच्या टोकाने खरवडा, त्याहून नेमकं हत्यार दुकानात मिळत नाही.

सायलेन्सर हातात आहेच तर तोही पाहून घ्या. शेपटीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, वरून ते दिसत नाही. तार घालून फोडा आणि उलटा करून आपटा.

आता सील. मॅग्नेट बाजूचं सील चकती आणि कॉईल प्लेट काढून बाहेरून बदलता येतं. मात्र चकती काढायला पुलर लागतो, हातोडा नाही, आणि कॉईल प्लेट काढण्याआधी तिच्या आणि केसिंगच्या सांध्यावर खूण करा, नाहीतर टायमिंग हरवतं. क्लच बाजूच्या सीलसाठी इंजिनचे दोन भाग वेगळे करावे लागतात. माझं मत स्पष्ट आहे. बारा नागपुरी उन्हाळे पाहिलेल्या चेतकचं मॅग्नेट बाजूचं सील न तपासताच बदला. क्लच बाजूचं तपासून ठरवा.

तपासायची रीत अशी. कार्बोरेटर काढा, त्याच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी लावून भोक बंद करा. एक्झॉस्टची खिडकी तशीच बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँकची खोली एकमेकांना जोडलेल्या राहतात. प्लगच्या भोकात जुन्या प्लगच्या सांगाड्यातून नळी बसवा आणि बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरा. ते गेज ३०० पर्यंत असतं, म्हणजे पावणेसहा पीएसआयच्या जवळपास, इतकंच पाहिजे. काटा काही मिनिटं जवळपास जागेवर राहिला तर सील ठीक. भराभर उतरला तर आधी तुमच्या ट्यूबच्या तुकड्यांवर साबणाचं पाणी लावून पाहा, गळती अर्ध्या वेळा तिथेच असते. ते घट्ट असेल तर हेड आणि ब्लॉकच्या खालचं गॅस्केट पाहा, मग मॅग्नेटची बाजू. सगळीकडे कोरडं असूनही काटा उतरतो आणि गियर ऑईल भरायच्या भोकाशी फुसफुस ऐकू येते, तर क्लच बाजूचं सील गेलं.

ते गेलं असेल तर इंजिन खोलावंच लागतं, आणि खोललंच तर क्रँकची दोन्ही बेअरिंगं त्याच वेळी बदला, मजुरी तीच आहे. कनेक्टिंग रॉड वर-खाली खेचून पाहा. आडवं थोडं हलणं चालतं, उभं अजिबात नाही. चेतकमध्ये क्रँकची चकतीच झडपेचं काम करते. ती केसिंगच्या ज्या गुळगुळीत पट्टीला घासून फिरते, त्या पट्टीवर जुनं गॅस्केट खरवडताना स्क्रू ड्रायव्हर लागू देऊ नका. एक खोल ओरखडा पडला की कायमची गळती. मिस्त्रीला हे समोर उभं राहून सांगा. आणि केसिंग बदलू देऊ नका, इंजिन नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो.

पेट्रोलची बाजू कंटाळवाणी आहे पण वगळता येत नाही. टाकी उतरवा, जुनं पेट्रोल नालीत ओतू नका, डब्यात बंद करून गॅरेजला द्या. तळाशी गंज असेल तर लिटरमागे शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, गरम पाण्यात विरघळवून भरा आणि रात्रभर ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करा. सुकताच आतून थोडं टू-टी ऑईल फिरवा, कारण उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. कॉकची जाळी, वॉशर आणि पेट्रोलची नळी नवी घ्या. कार्बोरेटर पूर्ण सोडवून मेन जेट, पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांचे स्क्रू), फ्लोटची सुई आणि पेट्रोल आत येतं तिथली छोटी जाळी साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरचा फवारा आणि नायलॉन ब्रशचा केस पुरतो. जेट उजेडाकडे धरल्यावर भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे, कडेला पिवळी चंद्रकोर दिसली तर वार्निश शिल्लक आहे. बसवताना कार्बोरेटरचे दोन लांब बोल्ट जोरात आवळू नका. बुड वाकतं, आतली सरकपट्टी अडकते आणि खालून हवा खेचली जाते.

२०१३ नंतर पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि तेवढ्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. म्हणून फ्लोटच्या सुईसकट रबरी सगळं नवं घ्या आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकायची तयारी ठेवा.

ठिणगीचं काम लवकर होतं. ही गाडी चालू व्हायला बॅटरी लागत नाही. प्लग नवाच घ्या, फट ०.६ मिमी. पॉइंट (चकतीमागचे ठिणगीचे उघडझाप करणारे संपर्क) असतील तर चकतीच्या खिडकीतून बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद, आणि उघडी फट ०.४ मिमीच्या जवळ ठेवा. ठिणगी पिवळट आणि बारीक असेल तर कंडेन्सर बदला. इलेक्ट्रॉनिक असेल तर उंदराने वायर कुठे कुरतडली ते आधी शोधा.

गियर ऑईल काढून नवं भरा, एसएई ३०, साधारण २५० मिली, भरायच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत. काढलेल्या तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पुन्हा क्लच बाजूच्या सीलचाच संशय. क्लचच्या कॉर्क प्लेटा इतक्या वर्षांत एकमेकींना चिकटतात. नवं तेल भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी इंजिन बंद असतानाच चौथा गियर टाका, क्लच दाबा आणि गाडी मागेपुढे झुलवा. बहुधा सुटतात. नाही सुटल्या तर नव्या घ्या, आणि त्या बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजू द्या, कोरडा कॉर्क लगेच जळतो.

एवढं झालं की मग किक. आधी प्लग काढून, कॉक बंद ठेवून आठ-दहा सावकाश किका मारा, म्हणजे आत साचलेलं तेल बाहेर पडतं. भोकावर अंगठा ठेवा, किकेसरशी तो उडाला पाहिजे. गेज असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजा, शंभर पीएसआयच्या जवळ आलं तर छान. रोजचं प्रमाण लिटरला २० मिली टू-टी असलं तरी पहिल्या दोन लिटरसाठी लिटरला ३० मिली घाला. पंपावर ओतू नका, घरी डब्यात हलवून मिसळा.

गाडी चालू झाली की सुरुवातीला पांढरा धूर निघेलच, तो आत ओतलेल्या तेलाचा. पंधरा मिनिटांनी विरला पाहिजे. विरत नसेल, जळक्या गियर ऑईलचा वास येत असेल आणि पातळी उतरत असेल, तर क्लच बाजूचं सील. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन भणाणत राहिलं आणि चोक ओढल्यावर शांत झालं, तर कुठेतरी हवा शिरते आहे. अशा वेळी लगेच बंद करा. स्विचने ऐकलं नाही तर ब्रेक दाबून चौथा गियर टाका आणि क्लच सोडा. थोडं पुढेमागे होऊ द्या पण त्या आवाजात गाडी रस्त्यावर काढू नका.

पहिले शंभर किलोमीटर चाळीसच्या आत, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून न ठेवता कमी-जास्त करत. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी चालत असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, थांबा, प्लग काढून पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर बरोबर. पांढराफटक असेल तर मेन जेट मोठा हवा किंवा गळती राहिली आहे.

ब्रेक लायनर, केबली आणि टायर यांवर वेगळं काय लिहू, सगळं नवं घ्या. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. फक्त एक सांभाळा. रिम दोन तुकड्यांची असते. ते तुकडे जोडणारे नट ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय उघडू नका, रिम अंगावर उडते. कागदांचंही आताच काढा. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली असणार. एमएच-३१ ची गाडी असेल तर शहर आरटीओत नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे सगळं लागेल, आणि तपासणीला गाडी स्वतः चालत न्यायची की टेम्पोत, हे विम्याची तारीख पाहून ठरवा.

तुमच्यासाठी सध्याचं काम एवढंच. कव्हर, प्लग आणि सायलेन्सर काढा, चकती हाताने फिरवा, खिडकीतून टॉर्च मारा. पिस्टनवर रेघा कुठल्या बाजूला आहेत आणि रिंग काडीने दबते का, ते कळवा. बोअरिंगचं त्यानंतर बोलू, तोवर मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नका.